मध्ये एक नदी हवी

रविवारी सकाळी चोर्ला घाटातल्या एखाद्या वळणावर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांच्या नंबरप्लेटी वाचाव्यात. घाट चढून येणाऱ्या बऱ्याच गाड्या जीए पाटीच्या असतात. ही गोव्याची मंडळी बेळगावच्या बाजाराला निघालेली असते. खडेबाजारात लग्नाचा बस्ता बांधायचा, गणपत गल्लीत पोराबाळांचे कपडे बघायचे आणि परतताना भाजीच्या पिशव्या व कुंद्याचा डबा डिकीत टाकायचा, असा त्यांचा बेत असतो. घाट उतरणाऱ्या गाड्या केए-२२ पाटीच्या, अधूनमधून चिकोडी-निपाणीकडची एखादी केए-२३. आठवडाभर गिऱ्हाइकांपुढे साड्यांच्या घड्या उलगडून दमलेला बेळगावकर शांततेच्या शोधात निघालेला असतो. ज्यांच्या दारात समुद्र आहे ते गर्दीत शिरायला वर येतात आणि ज्यांच्या दारात गर्दी आहे ते समुद्र बघायला खाली जातात. दोघे एकाच वळणावर एकमेकांना हॉर्न देतात आणि दोघांनाही समोरचा खुळा वाटतो. यातला गोवेकर निदान हवे ते घेऊन परततो, कारण खडेबाजारात कुणी गर्दी शोधली आणि सापडली नाही, असे घडत नाही. बेळगावकराचे नशीब एवढे चांगले नसते. तो कळंगुटला किंवा बागाला पोचतो, गाडी लावण्यासाठी घिरट्या घालतो, वाळूवर टॉवेल अंथरायला हातभर जागा मिळवतो, आणि पाठ टेकतो न टेकतो तोच शेजारच्या टॉवेलवरून प्रश्न येतो, "तुम्ही शहापूरचे नव्हे काय?"

अशा सहलीनंतर प्रत्येक कंपूत एक जाणकार तयार होतो. "बागा म्हणजे काय मर्दा, नुसती जत्रा. त्याच्या पुढं एक बीच आहे की, कुणाला ठाऊकच नाही." हे गुपित तो आधी दबक्या आवाजात सांगतो आणि मग दोनशे सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोकेशनसकट टाकतो. प्रसिद्ध जागेच्या बाजूची शांत जागा शोधणे हा आता पर्यटनातला एक स्वतंत्र पंथच झाला आहे. या पंथाची श्रद्धा अशी, की शांत किनारा निसर्गाने घडवून ठेवलेला असतो, तो फक्त सापडावा लागतो, आणि सापडला नाही तर दोष शोधणाऱ्याच्या पुण्याईचा. ही श्रद्धा तपासून पाहिली तर टिकत नाही. समुद्राला प्रसिद्ध आणि अप्रसिद्ध असा भेद कळत नाही. तो बागाला जसा गाजतो तसाच केरीलाही गाजतो. फरक असतो तो तिथवर पोचण्याच्या वाटेत. किनाऱ्यावरची शांतता ही वाटेतल्या अडचणीची करणी असते. कुठे नदी आडवी येते, कुठे राज्याची हद्द, कुठे खाणीची धूळ, कुठे नुसताच कंटाळवाणा वळसा. अडचण चिवट असेल तर शांतता टिकते, आणि अडचण हटली की शांतताही चंबूगबाळे आवरून निघते. याच्या पुराव्यासाठी फार लांब जायला नको. हरमलच्या गजबजाटाला खेटून, बेळगावहून सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोचता येईल अशा अंतरावर, केरी आणि तेरेखोल ही दोन गावे नदीच्या दोन काठांवर साक्षीला बसलेली आहेत.

पहिला पुरावा मांडवीच्या उत्तरेकडच्या किनाऱ्याचा. आज जे कळंगुट आवाजाचे माहेर समजले जाते, ते एके काळी गोव्यातल्या सुखवस्तू घरांचे मे महिन्यातल्या हवापालटाचे ठिकाण होते. लोक तिथे समुद्रस्नानाला आणि स्वस्थ पडून राहायला जात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस हिप्पी येऊ लागले. तेही शांततेच्याच शोधात आले होते, हातात गिटार असली म्हणून काय झाले. कळंगुटात वर्दळ वाढली तसे ते हणजुण्याला सरकले. हणजुण्यात वर्दळ वाढली, ती मुख्यतः त्यांचीच होती, तरीही ते तिला कंटाळून पुढे वागातोरला गेले. मग शापोरा नदी ओलांडून मोरजी, आश्वे, मांद्रे असे मुक्काम करत हा लोंढा हरमलला पोचला. दर टप्प्यावर कारण एकच: इथे आता पूर्वीची मजा राहिली नाही, पुढे एक शांत किनारा आहे. या वाटचालीत शापोऱ्याचा टप्पा सगळ्यात बोलका आहे. शिवोली आणि चोपडे यांच्यामध्ये पूल नव्हता तोवर पेडणे तालुक्याच्या किनाऱ्याला जाणारा माणूस फेरीबोटीच्या धक्क्यावर ताटकळत असे आणि त्या ताटकळण्यातच पुष्कळांचा उत्साह मावळे. पूल झाला आणि मोरजीला रशियन भाषेतल्या पाट्या लागल्या. मोरजीची वाळू पुलाच्या आधीही तेवढीच मऊ होती आणि तिथे अंडी घालायला येणारी समुद्रकासवेही पुलाची वाट बघत थांबलेली नव्हती. बदलले ते एवढेच, की नदी ओलांडायला आता काही सोसावे लागत नव्हते. गजबजलेल्या जागेच्या बाजूची शांत जागा म्हणजे पुष्कळदा त्याच जागेची पुढची आवृत्ती असते, छपाईला गेलेली.

मग हे उत्तरायण हरमलच्या पुढे मंदावले का? हरमलच्या उत्तरेला टेकडी थेट समुद्रात उतरते. तिच्या पलीकडे केरी, सुरूच्या बनाचा लांबट किनारा. केरीच्या टोकाला तेरेखोल नदी समुद्राला मिळते आणि नदीपलीकडच्या उंचवट्यावर तेरेखोलचा किल्ला उभा आहे. हा किल्ला आणि त्याभोवतीचे गाव कारभाराने गोव्यात आणि भूगोलाने सिंधुदुर्गात. गोव्याचा बाकीचा मुलूख नदीच्या दक्षिणेला, हा एवढा तुकडा उत्तर काठावर, जमिनीच्या बाजूने महाराष्ट्राने वेढलेला. त्यामुळे गोव्याच्या माणसाला गोव्यातल्याच या गावी जायचे तर केरीच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघावी लागते, नाहीतर किरणपाणी-आरोंद्याच्या पुलावरून महाराष्ट्रात शिरून, वळसा घालून पुन्हा गोव्यात यावे लागते. रेडीचा माणूस मात्र पायात चप्पल घालून सरळ चालत जातो. सीमाप्रश्नावर वाढलेल्या बेळगावकराला हा नकाशा बघून राहवत नाही. १ नोव्हेंबर १९५६, महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल, २००४ पासूनचा सर्वोच्च न्यायालयातला दावा, हे त्याला पाढ्यासारखे पाठ असते. तो वाळूवर काटकीने हद्द काढून खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही चारही सूत्रे तेरेखोलला लावून बघतो. बायको भेळ खायला हाक मारते तेव्हा तो रेडीची हद्द नदीपर्यंत नेऊन पोचवलेला असतो. एवढे होऊन इथे कुणी काळा दिन पाळत नाही, याचे त्याला आश्चर्य वाटते आणि थोडा हेवाही.

आता शांत जागा म्हणजे कुणाला ठाऊक नसलेली जागा, हा जाणकारांचा सिद्धांत तेरेखोलला लावून पाहू. हा किल्ला १७ व्या शतकात सावंतवाडीकर भोसल्यांनी बांधला. समुद्रातून कोण येते ते दिसावे म्हणून बांधला, म्हणजे तो स्वतःही समुद्रातून चांगलाच दिसत असणार. १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी तो घेतला. लिस्बनहून आलेल्या लोकांनाही ही जागा सापडली होती, आणि तेव्हा लोकेशन पाठवायची सोय नव्हती. आत संत अंतोनीचे चर्च आहे. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी या किल्ल्यावर तिरंगा फडकवला, तेव्हा गोवा मुक्त व्हायला अजून सात वर्षे होती. अलीकडे किल्ल्यात हॉटेलही चालवले गेले. ज्या जागेसाठी दोन सत्ता भांडल्या, जिचे नाव गोवामुक्तीच्या इतिहासात आहे आणि जिची पाटी रस्त्यावर लावलेली आहे, तिला अज्ञात म्हणणे म्हणजे कपिलेश्वराच्या देवळाचा शोध लावण्यासारखे आहे. जागा सगळ्यांना ठाऊक आहे. लोक केरीच्या काठावर येतात, पलीकडे किल्ला दिसतो, बोट नुकतीच सुटलेली असते. कंपूतला एक जण म्हणतो, "इथूनच दिसतो की." दुसरा फोटो काढतो. मग सगळे हरमलला परत जातात. शांतता राखायला पहारेकरी लागत नाहीत, नुकतीच सुटलेली बोट पुरते. नदीच्या मुखाशी पूल बांधायचे काम निघाले होते, ते राष्ट्रीय हरित लवादापुढे जाऊन अडले. कायद्याने किनारा राखण्याची ही एक तऱ्हा झाली. तिचे जे काही फळ असेल ते असो, तूर्त फेरीबोटीचे महत्त्व त्यामुळे शाबूत राहिले.

नदी ओलांडून महाराष्ट्रात आले की अडचणींचे प्रकार बदलतात, नियम तोच राहतो. रेडी हे महाराष्ट्राच्या किनाऱ्याचे दक्षिण टोक. इथे यशवंतगड आहे, समुद्र आहे, माडपोफळी आहेत, आणि लोहखनिजाच्या खाणीही आहेत. खाणीत १९७६ साली द्विभुज गणपतीची मूर्ती सापडली आणि तिथे देऊळ उभे राहिले. भाविक येतात, दर्शन घेतात आणि निघतात. खनिजाच्या तांबड्या धुळीने पर्यटकाला इथे फार रेंगाळू दिले नाही. पांढरे कपडे घालून फोटो काढणाऱ्यांवर तर तिचा विशेष राग. सौंदर्याचे रक्षण कुरूपतेने केल्याचे असे उदाहरण क्वचितच सापडेल. पुढे शिरोडे. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात या गावाचे नाव गाजले, आणि वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत इथल्या शाळेत शिक्षक होते. म्हणजे शिरोडे हेही काही अंधारातले गाव नव्हे. पण इथला वेळागरचा किनारा आणि बागाचा किनारा यांच्यामध्ये अबकारी कर उभा आहे. गोव्यात बाटली स्वस्त, महाराष्ट्रात महाग, आणि ज्या कंपूची शांततेची कल्पना बाटलीत मावते तो कंपू इथे हद्दीअलीकडे वेळ घालवत नाही. शेजारच्या आरवलीची तर गोष्टच निराळी. तिथला ग्रामदैवत वेतोबा रात्री गावातून फिरतो अशी श्रद्धा आहे, आणि फिरून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून भक्त त्याला भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात. या किनाऱ्यावर ज्याला नाइटलाइफ म्हणता येईल ते एवढेच, आणि त्यात बाहेरच्यांना प्रवेश नाही. राज्य शासनाने हा सबंध सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर केला. शासनाच्या घोषणेनेही शांतता भंगत नाही, ती टिकते, हा त्यातून निघणारा बोध.

बेळगावकराने लक्षात ठेवावा असा पुरावा मात्र याहून उत्तरेला आहे, वेंगुर्ल्याला. आज वेंगुर्ले म्हणजे काजू, आंबा, मासळीबाजार आणि दुपारची झोप. पण १७ व्या शतकात तिथे डचांची वखार होती. १८१२ मध्ये गाव इंग्रजांकडे गेले आणि पुढे बरीच वर्षे वेंगुर्ले हे बेळगावचे बंदर होते. कॅम्पातल्या पलटणींचे सामान या बंदरात उतरे आणि आधी रामघाटाने, नंतर आंबोलीच्या घाटाने बैलगाड्यांवरून वर येई. बेळगावातून हिंडलग्याकडे निघणारा रस्ता अजून वेंगुर्ला रोड म्हणून ओळखला जातो, त्याचे कारण हे. त्या काळी कुणी साहेब शांत समुद्रकिनारा शोधत आला असता तर त्याला वेंगुर्ल्याला जाऊ नको असेच सांगितले गेले असते. तिथे गाडीवान, हमाल, दलाल, बैल, गोण्या आणि या सर्वांचा एकत्र आवाज असणार. मग १८८० च्या दशकात रेल्वे आली. लोंढ्यावरून रूळ मुरगावला गेले आणि माल घाटातून बैलगाडीने उतरवण्याचे कारण उरले नाही. वेंगुर्ल्याने काही चूक केली नव्हती, त्याचा समुद्रही आटला नव्हता. दुसरीकडे जाणे सोपे झाले, एवढेच. त्यातून मूळ सिद्धांताला एक पोटकलम जोडावे लागते. अडचण ही सापेक्ष असते. गर्दी अवघड वाट टाळते असे म्हणण्यापेक्षा ती दोहोंतली सोपी वाट धरते, असे म्हणणे नेमके. म्हणून केरी शांत राहायची तर बागाला जाणे सोपे असले पाहिजे. शांतताप्रेमी मंडळी बागाला नाके मुरडतात, ती कृतघ्नता आहे. बागा सगळा आवाज अंगावर घेते म्हणून पुढच्या किनाऱ्यांवर कुणी निवांत पडू शकते. त्यांनी वर्षातून एकदा तरी बागाला जाऊन, पार्किंगचे पैसे भरून, आभार मानून यावे.

इथे खडेबाजारातून एक आक्षेप हमखास येणार. अडचणीने शांतता येते म्हणता, मग आमचा खडेबाजार हे देशातले सर्वांत शांत ठिकाण व्हायला हवे होते. इथे गाडी लावायला जागा नाही, चालायला वाट नाही, समोरून हातगाडी येते, मागून स्कूटर, आणि मध्येच एखादी गाय विचार करत उभी असते. एवढ्या अडचणी असून शांतता का नाही? आक्षेप वजनदार आहे, कारण तो अनुभवातून आलेला आहे. त्याचे उत्तर असे, की अडचण कुठे आहे हे महत्त्वाचे. खडेबाजारातली अडचण ही पोचल्यानंतरची अडचण आहे. आत शिरणे अगदी सोपे. शहराच्या चारी अंगांनी रस्ते येऊन मिळतात, रिक्षा थेट तोंडाशी सोडते. बाहेर पडणे अवघड, म्हणून गर्दी साचते. केरी-तेरेखोलची अडचण पोचण्याआधीची आहे. जी अडचण जागेच्या उंबऱ्याबाहेर असते ती शांतता निर्माण करते, जी उंबऱ्याच्या आत असते ती गोंगाट. कळंगुटचेही तेच झाले आहे. तिथे जाणारा रस्ता रुंद आहे आणि सगळी कोंडी पोचल्यावर आहे. उद्या खडेबाजाराच्या तोंडाशी कुणी एक नदी आणून सोडली आणि दर अर्ध्या तासाने एकच फेरीबोट ठेवली, तर महिनाभरात तिथे दुपारी पाखरांचा आवाज ऐकू येईल. व्यापारी संघ मात्र दुसऱ्याच दिवशी पुलासाठी निवेदन देईल, आणि ते योग्यच असेल.

दुसरा आक्षेप खिसा जड असलेल्यांचा. सोय आणि शांतता एकत्र मिळतात की. समुद्रकाठची मोठमोठी हॉटेले बघा, मऊ गादी, थंड हवा आणि चिटपाखरू नाही. खरे आहे, पण तिथे अडचण नाहीशी झालेली नसते, तिचे फक्त रूपांतर झालेले असते. नदीच्या जागी भिंत येते आणि फेरीबोटीच्या जागी बिल. बाकीच्यांना आत येणे अशक्य व्हावे एवढा दर लावला की शांतता आपोआप तयार होते. नदी आणि बिल यांत फरक एवढाच, की नदी श्रीमंत-गरीब बघत नाही. गोव्याच्या फेरीबोटीत पायी जाणाऱ्याला तिकीट पडत नाही, तिथे सगळ्यांनी सारखेच ताटकळायचे असते. ज्याला वेळ आहे तो वेळ देतो, ज्याच्याकडे पैसा आहे तो पैसा देतो. फुकट कुणालाच मिळत नाही. हे खडेबाजारात जन्मलेल्या माणसाला समजावून सांगावे लागू नये. दुकानात शिरल्याबरोबर तो ओळखतो, की भाव उतरला म्हणजे कुठेतरी मालाचा पन्हा कमी झाला. पण तोच माणूस समुद्रावर गेला की हा हिशेब विसरतो आणि शांततेचा भाव पाडून मागू लागतो.

हे भाव पाडणे पाहण्यासारखे असते. कंपू केरीला पोचतो. पहिली दहा मिनिटे सगळे "काय शांत आहे!" असे एकमेकांना ओरडून सांगतात, कारण लाटांच्या आवाजात हळू बोललेले ऐकू जात नाही. अकराव्या मिनिटाला एकाला मोबाइलची रेंज हवी असते. दुसरा विचारतो, इथे चायनीज मिळत नाही काय? तिसऱ्याच्या मते एवढ्या सुंदर जागी निदान शौचालय, कपडे बदलायच्या खोल्या, नारळपाण्याच्या टपऱ्या, बनाना राइड आणि गाडी थेट वाळूपर्यंत नेता येईल असा काँक्रीटचा रस्ता पाहिजे होता. सरकारला काही कळतच नाही. या यादीतली एकेक मागणी वाजवी आहे, शौचालयाची तर अत्यावश्यक. पण सगळी यादी मान्य झाली की जे तयार होते त्याला बागा म्हणतात, आणि तिथून तर मंडळी सकाळी पळून आलेली असतात. शेवटी कुणीतरी डिकीतून चाके लावलेला स्पीकर काढतो. शांतता फारच झाली, जरा वातावरण करूया, असे त्याचे म्हणणे असते. शांत किनाऱ्याचा शेवट विकासकाने किंवा मंत्र्याने केला असे आपण म्हणतो. पुष्कळदा तो शांतता शोधत आलेल्या माणसानेच, कंटाळून, पहिल्याच संध्याकाळी केलेला असतो. हिप्पींनी गिटार आणली होती, ही तिची सुधारलेली आवृत्ती.

तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे आणि तो विनोदाने उडवून लावता येणार नाही. तुमची अडचण ही तुमची एका दिवसाची गंमत, पण तेरेखोलच्या माणसाची ती रोजची आहे. त्याला तालुक्याच्या कचेरीत जायचे असते, पोरांना कॉलेजला धाडायचे असते, रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा असतो. शहरातल्या चार लोकांना निवांत पडता यावे म्हणून गावाने पुलाशिवाय राहावे काय? याचे उत्तर सरळ आहे: राहू नये. आणि ते उत्तर दिल्याने मूळ मुद्दा पडत नाही, उलट पक्का होतो. शांतता अडचणीतून निपजते हे मान्य केले, तर ती अडचण कोण सोसते हे विचारावेच लागते, आणि केरी-तेरेखोलला ती गावकरी सोसतात. पाहुणा फक्त तिचे फळ खातो. म्हणून पूल व्हावा की नाही यात पाहुण्याला मत नाही. किनारपट्टीचा कायदा, नदीचे पात्र, मच्छीमारांची सोय हे प्रश्न आहेत, ते तिथल्या लोकांनी, ग्रामसभेने आणि न्यायालयाने सोडवावेत. "पूल झाला तर मजा जाईल" असे म्हणणारा पर्यटक आणि पूल होताच तिथे रिसॉर्ट काढायला टपलेला गुंतवणूकदार, हे दोघेही गावाकडे आपल्या सोयीनेच बघतात. पहिल्याचा आवाज हळू असतो एवढेच. गावाच्या गैरसोयीवर आपल्या विश्रांतीची व्यवस्था लावणे ही काही निसर्गप्रेमाची खूण नव्हे.

चौथा आक्षेप असा, की हे सगळे लिहून लेखक तेच करतो आहे जे ग्रुपवर लोकेशन टाकणारा करतो. वर दिलेला पुरावा लक्षात घेतला तर भीतीचे कारण नाही. माहितीने गर्दी होत नाही, सोयीने होते. वेंगुर्ल्याची माहिती डचांपासून सगळ्यांना होती आणि तरी ते पेंगले. केरीला खरा धोका छापील मजकुराचा नाही, तो वरून आला तर आकाशातून येईल. चिपीचा विमानतळ २०२१ मध्ये सुरू झाला, आणि मोप्याच्या विमानतळाचे उद्घाटन २०२२ च्या डिसेंबरात झाले. तो तर केरीच्याच पेडणे तालुक्यात आहे. आजवर दक्षिणेकडून, एकेक नदी ओलांडत, दमत-भागत येणारी गर्दी आता मुंबई-दिल्लीहून थेट तालुक्यात उतरते. तिला वाटेत कळंगुट लागतच नाही, म्हणजे बागाने तिला अडवायची संधीही गेली. अडचणींचा हिशेब असा बदलला की शांततेचाही बदलणार, यात शंका नाही. बेळगावकराने यावर हळहळण्यापेक्षा तयारी करावी. त्याला विमान लागत नाही, त्याच्याकडे आंबोली आहे, तिलारी आहे, चोर्ला आहे, आणि निपाणीकराला आजऱ्यावरून उतरायची वाट आहे. घाट उतरायचीच सवय असलेल्या माणसाला अडचणीचे भय नसावे.

यातून एकच व्यवहारी निष्कर्ष निघतो. नदी, हद्द, धूळ या बाहेरच्या अडचणी आज आहेत, उद्या नसतील, आणि त्या नसाव्यात असे म्हणण्याचा हक्क तिथे राहणाऱ्यांना आहे. पण अडचण बाहेरूनच यावी असा काही नियम नाही. ती पाहुण्याला स्वतःवरही लादून घेता येते. केरीला पूल झाला तरी गाडी अलीकडच्या काठावर ठेवून चालत जायला कुणाची मनाई असणार नाही. तेरेखोलला पोचून चायनीज न मागता जे मिळेल ते बांगडा-भात आणि सोलकढी खाता येईल. पंधरा जणांऐवजी तिघे-चौघे जाता येईल, रविवारऐवजी मंगळवारी दुकानाला कुलूप लावून जाता येईल. खडेबाजारातल्या माणसासाठी ही अडचण नदीपेक्षाही मोठी आहे, म्हणून तिचे फळही मोठे असेल. गावकऱ्यांना सोय मिळावी आणि पाहुण्याने गैरसोय सोसावी, ही वाटणी न्याय्य आहे आणि तिला कुठल्याही आयोगाच्या अहवालाची गरज नाही. आणि स्पीकर घरी ठेवायचा असेल तर त्यासाठी हरित लवादाचीही परवानगी लागत नाही.